नऊशे सातची डावी बाजू

वाचकहो, एक अत्यंत गंभीर निवेदन करायचं आहे. हातातला कप खाली ठेवावा, टीव्हीचा आवाज बंद करावा, आणि शक्य असेल त्यांनी उभं राहावं. निवेदन असं की, रायपूरजवळ सिलतऱ्याला, एका लोखंडाच्या कारखान्याच्या पाठीमागं, एक संपूर्ण स्वतंत्र आणि सार्वभौम रेल्वे नांदत होती. एकूण लांबी साडेतीन किलोमीटर. मालमत्ता: एक इंजिन, एक फाटक, एक तलाव, एक चहाची टपरी. लोकसंख्या: साडेतीन माणसं आणि दोन बकऱ्या. प्रवासी एकही नाही. पण म्हणून गाडी एक मिनिटही उशिरा सुटावी, हे त्या रेल्वेच्या सर्वेसर्वांना मान्य नव्हतं. त्या सर्वेसर्वांचं नाव देवाजी रामटेके. बसा आता.

लोकसंख्येतलं अर्धं माणूस मी. कारखान्याच्या डिस्पॅच विभागात, म्हणजे माल कधी आला आणि कधी गेला हे लिहिण्यात, माझी उमर चालली आहे. आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपूरला आलं आणि परत जायचं विसरलं. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात मी मराठीत विचारते आणि मुलगी हिंदीत उत्तर देते. त्यामुळे कामावरच्या पहिल्याच आठवड्यात एका उंच, हडकुळ्या, कडक इस्त्रीच्या खाकी शर्टातल्या गृहस्थांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून "काहून ताई, कागद तयार नाही झाला का?" असं विचारलं, तेव्हा मला माहेरचा माणूस भेटल्यासारखं झालं. चष्म्याला बुटाची नाडी बांधून ती मानेमागं अडकवलेली. हातात काळी पत्र्याची पेटी.

ती पेटी म्हणजे एक प्रकरणच होतं. मोठ्या रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर दोन-दोन दिवस घराबाहेर असतात, म्हणून ते अशी पेटी जवळ ठेवतात. रामटेके साहेब तिथून निवृत्त झाले आणि आमच्याकडं रुजू झाले, ते पेटीसकट. आत हिरवं आणि लाल निशाण, बॅटरी, जादा चष्मा, जेवणाचा डबा, साबण, टॉवेल आणि घडी केलेले दोन जोड कपडे.

"साहेब, साडेतीन किलोमीटरला कपडे कशाला?" मी एकदा विचारलं.

"लाइन हाये ताई," ते गंभीरपणे म्हणाले. "रस्त्यात मुक्काम पडला तर?"

इंजिनाला ते इंजिन म्हणत नसत. रेल्वेवाले म्हणतात तसं 'पॉवर' म्हणत. पॉवरचा नंबर नऊशे सात. मोठ्या रेल्वेनं वापरून सोडलेलं, डिझेलवर चालणारं, पिवळं धूड. एकदा त्यांनी कंट्रोल रूमला फोन करून "पॉवर फेल झाली, माणूस पाठवा" असं कळवलं, तर अर्ध्या तासानं वायरमन शिडी खांद्यावर घेऊन हजर. रामटेके साहेबांनी त्याला रागावलं नाही. शिडी इंजिनाला टेकवून, त्याच्याकडून हेडलाइटची काच पुसून घेतली आणि मगच सोडलं.

त्या इंजिनाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते. ड्रायव्हरची खोली मागं, आणि समोर यंत्राचं लांबलचक नाक. ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो, त्याला फक्त उजवी बाजू दिसते. डावी बाजू त्या नाकापलीकडं गडप. ती पाहायला डाव्या खिडकीशी दुसरा माणूस बसतो, सहायक. तो जे पाहील ते त्यानं मोठ्यानं बोलायचं, आणि ड्रायव्हरनं ते तसंच मोठ्यानं परत म्हणायचं. मोठ्या रेल्वेचा हा नियम आहे. तिथं सिग्नलची हाक देतात. आमच्या रेल्वेत सिग्नल नव्हता, म्हणून रामटेके साहेबांनी जे होतं त्यालाच सिग्नल करून टाकलं.

फाटकाजवळ फूलबाईची चहाची टपरी. फाटक लावण्याचं कामही तिच्याचकडं. फाटक लागलं की ती टपरीचा हिरवा पडदा वर बांधायची. पडदा वर म्हणजे चला. पडदा खाली म्हणजे थांबा, आणि चहा प्या. टपरी डाव्या हाताला, वळणावर. म्हणजे उजवीकडं बसलेल्या रामटेके साहेबांना आपल्या राज्यातला हा एकमेव सिग्नल कधीही दिसत नसे.

डावीकडं बसायचा खेमलाल साहू. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बाजूच्याच गावचा शांत माणूस. त्याला आयुष्यात एकच शब्द पुरला होता, तो म्हणजे 'हव'. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. जेवलास? हव. पाऊस येईल? हव. पाऊस नाही येणार ना? हव. आमचा अख्खा कारखाना याच शब्दावर चालतो. फक्त ऑफिसात त्याला 'जी सर' म्हणतात, एवढंच.

"फाटक?" रामटेके साहेब विचारायचे.

"हव."

"हव नाही! हव म्हणजे काय? लागलं का उघडं? पडदा वर का खाली? काय दिसलं ते बोल!"

"हव."

मग गाडी उभी. साहेब खाली उतरून, इंजिनाला वळसा घालून, स्वतः पडदा पाहून यायचे. पाच वेळा असं झालं. सहाव्या वेळी खेमलालनं खिडकीतून मान बाहेर काढून अशी आरोळी ठोकली की तलावातले बगळे उडाले: "डेरी बाजू! फाटक बंद! परदा ऊपर!" डेरी म्हणजे त्यांच्याकडं डावी. मी बिचारी काही दिवस लाइनीवर दुधाची डेअरी शोधत होते.

"डोळ्यानं पाह्यलं थे अर्धं," साहेब आम्हाला शिकवायचे. "तोंडानं बोललं थे पुरं. माही बाजू मले दिसते, तुही बाजू तुले दिसते. तू नाही बोलला तं अर्धी लाइन आंधळी." आणि यातलंच दुसरं कलम: "बोल नाही आला, तं गाडी थांबली. विचार करत नाही बसाचं."

मला इंजिनात बसायची हौस होती. पण नुसतं चढू देतील तर ते रामटेके साहेब कसले! त्यांनी वहीचं पान फाडून मला रीतसर पास लिहून दिला. 'सौ. ताई, डिस्पॅच, यांना पॉवर क्रमांक ९०७ वर एक फेरी बसण्याची परवानगी आहे. अट: जे दिसेल ते बोलतील.' खाली सही, त्याखाली तारीख, आणि शाईत बुडवलेल्या बटणाचा शिक्का. खेमलालनं मला त्याची जागा दिली आणि मागं उभा राहिला. पायाखालचा पत्रा थरथरत होता, डिझेलचा वास थेट डोक्यात जात होता. ताशी दहा किलोमीटरच्या त्या भीषण वेगानं आम्ही निघालो.

"बोला ताई!"

"बकरी!" मी किंचाळले.

"बकरी! किती?"

"दोन!"

"दोन! उभ्या का बसल्या?"

"बसल्यात! एक उठली! नाही, खाजवतेय!"

"खाजवून राहिली!" साहेबांनी नियमाप्रमाणे परत म्हटलं, आणि हॉर्न दिला. मी आयुष्यात बरीच वर्षं बोलते आहे. पण माझं बोलणं कुणी शब्दन्‌शब्द परत म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. आमच्या घरी या नियमाची अंमलबजावणी करायचा मी प्रयत्न केला. यजमानांनी परत म्हटलं ते एवढंच: "हूं."

आता वाघिणींचं प्रकरण.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. इंग्रज साहेबाचा वॅगन आपल्याकडं आला आणि आपल्या लोकांनी त्याला मिशा लावून जंगलात सोडला. पण आमच्या नव्या जी.एम. साहेबांना हे माहीत नव्हतं. ते उत्तरेकडचे, गोरेपान, केसांना तेल, बोलण्यात तूप. रुजू होऊन जेमतेम महिना झालेला. मी सकाळीच त्यांच्या केबिनमध्ये सह्या घेत उभी होते आणि टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला.

"हॅलो, हॅलो! रामटेके बोलून राहिलो! तीन वाघिणी सुटल्या! तलावाकडून फाटकाकडं निघाल्या हायेत!"

जी.एम. साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "क्या छूटी?"

"वाघीण साहब! तीन वाघीण!"

"बाघिन?" साहेब उभे राहिले. "तीन? कहाँ से आईं?"

"कोरबा से साहब. परसों."

कोरब्याकडं जंगल आहे, हे त्यांनी नकाशात पाहिलं असावं. आवाज खाली आला. "भूखी हैं क्या?"

"नहीं साहब, फुल भरी हुई हैं! इसीलिए तो रुक नहीं रहीं!"

"किसी को... काटा?"

"अब तक तो नहीं. पर फाटक पे पहुँच गईं तो काटेंगी साहब, छोड़ेंगी नहीं! तीनों जुड़ी हुई हैं!"

मी तोंड उघडलं होतं, हे इथं नमूद करते. "सर, वाघीण म्हणजे—" पण साहेब मला बाजूला ढकलून दार आतून लावून घेण्यात गुंतले होते, आणि नंतर माझं हसू मला बोलू देईना. सायरन वाजला. बाराशे माणसांच्या कारखान्यात कुणी क्रेनवर चढलं, कुणी रेकॉर्ड रूममध्ये शिरलं. कँटीनवाल्यानं कच्चं चिकन खिडकीबाहेर फेकून दार लावलं. वन विभागाला फोन गेला.

तिकडं रामटेके साहेब आणि खेमलाल धावत वाघिणींच्या पुढं गेले होते. कुणीतरी हँडब्रेक नीट आवळला नव्हता, म्हणून कोळशानं भरलेले तीन डबे उतारावर हलकेच चालू लागले होते. दोघांनी रुळावर लाकडी गुटके सरकवले. वाघिणी गुरगुरल्या, किरकिरल्या, आणि फूलबाईच्या टपरीच्या अलीकडं थांबल्या. फूलबाईनं दोघांना चहा दिला. तेवढ्यात जाळी, काठ्या आणि पिंजरा घेऊन वन विभागाची जीप आली. जी.एम. साहेब मागून, गाडीच्या काचा वर करून.

"कहाँ हैं?" वनरक्षकानं कुजबुजत विचारलं.

रामटेके साहेबांनी चहाचा कप ठेवला आणि अदबीनं हात केला. "ये तीनों."

वनरक्षक आमच्याच बाजूचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्यानं डब्यांकडं पाहिलं, पिंजऱ्याकडं पाहिलं, मग जी.एम. साहेबांच्या काचेवर टकटक केली. "साहब, पिंजरा छोटे पड़ जाही."

त्या दिवसापासून जी.एम. साहेब कँटीनमध्ये शिरले की कुठून तरी बारीक गुरगुर ऐकू यायची. कोण करतं ते कधी सापडलं नाही. मी तर मुळीच करत नव्हते, आणि करत असलेच तर फार क्वचित.

मोठ्या माणसाचं हसं झालं की त्याचं पत्रक निघतं. पावसाळा संपता संपता तेही निघालं. मजकूर असा: इंजिन जुनं आहे, त्याला अर्धी बाजू दिसत नाही, चालकाशी भाषेची अडचण येते. यापुढं माल ट्रकनं जाईल, आणि विश्वकर्मा पूजेच्या शुभ दिवशी, सेठजींच्या हस्ते, इंजिन आपल्याच भट्टीत वितळवण्याच्या कार्याचा आरंभ होईल. 'अपना लोहा, अपनी भट्ठी' असं वर घोषवाक्य. टाइप करणाऱ्यानं 'पुराना लोको'च्या जागी 'पुराना लौकी' केलं होतं.

रामटेके साहेबांनी नोटीस बोर्डासमोर उभं राहून ते दोनदा वाचलं. "दुधी वितळवून राहिले का हे?" एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा डबा उघडला नाही. दुपारी मी यार्डात गेले तर ते इंजिनाच्या डाव्या खिडकीची काच वर्तमानपत्रानं पुसत होते. ज्या खिडकीतून त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, तीच.

"माहं काय ताई," ते काचेकडं पाहूनच म्हणाले. "मी गोंद्याले जाईन पोरीकडं. पण हे चालून राहिली ना? चालत्या पॉवरले कोणी वितळवते का? मेल्यावर न्या म्हणा. मी स्वतः भट्टीपर्यंत चालवत नेईन."

मेल्यावर ती चालणार कशी, हे मी विचारलं नाही.

मग त्यांना एक युक्ती सुचली. "सेठजींले एक डाव बसवा. एक फेरी. मंग करा काय थे." सेठजी म्हणजे कारखान्याचे मालक, राहायला शंकर नगरला, यायचे वर्षातून एकदा, याच पूजेला. मी पुढं होऊन त्यांच्या सेक्रेटरीमागं लकडा लावला, आणि होकार आला. रामटेके साहेबांनी वहीचं पान फाडलं. 'श्री. सेठजी, मालक, यांना परवानगी आहे. अट: जे दिसेल ते बोलतील.' बटणाचा शिक्का.

पूजेच्या सकाळी नऊशे सात धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी होती. नारळ फोडायला कुणीतरी पुढं झालं, तर रामटेके साहेबांनी अडवलं. "बफरवर नाही. पाणी जाते. बाजूच्या दगडावर फोडा." ते स्वतः पूजेला हात जोडत नसत, त्या वेळात ते चाकांखाली वाकून ब्रेक तपासत होते.

सेठजी चढले. सत्तरीचे, नाजूक, पांढरे शुभ्र कपडे. ते रामटेके साहेबांच्या मागं, उजव्या खिडकीशी उभे राहिले. आणि सेठजी जिथं, तिथं जी.एम. साहेब. त्यांनी चढताच खेमलालला बोटानं उठवलं आणि डाव्या सीटवर बसले.

"साहब," रामटेके साहेब म्हणाले, "त्या सीटवर जो बसेल त्याले बोलावं लागते. बोलना पड़ता है."

"हाँ हाँ, बोलेंगे. बोलना तो हमारा काम है."

खेमलाल बाहेर डाव्या पायरीवर दांडी धरून उभा राहिला. मी फाइल छातीशी धरून जी.एम. साहेबांच्या मागं. निघालो.

सेठजी दोन मिनिटांत सात वर्षांचे झाले. "बकरी!" ते ओरडले. "बकरी! किती?" "एक! दूसरी किधर है? वो रही! दो!" "दोन!" हॉर्न. सेठजींनी टाळी वाजवली. त्यांच्या बोलण्याला इतकी वर्षं सगळे 'जी' म्हणत आले होते. कुणी ते जसंच्या तसं परत केलं नव्हतं. त्यांना हे फार आवडलेलं दिसलं. ते अर्धे खिडकीबाहेर झाले. मी मनात म्हटलं, वाचली. नऊशे सात वाचली.

मग वळण आलं.

जी.एम. साहेबांनी सेठजींच्या स्वागताला एक बेत आखला होता. सेठजींची पांढरी मोटार फाटकापर्यंत पाठवली होती, सोबत फोटोग्राफर. फाटकावर उतरून हार, मग फोटो, मग मोटारीनं परत. फोटोग्राफरला मोटार आणि इंजिन एकाच चौकटीत हवे होते, म्हणून त्यानं मोटार पुढं घ्यायला लावली, आणखी पुढं, आणखी थोडी. ती आता बरोबर रुळांवर उभी होती. फाटक लागतच नव्हतं. पडदा खाली होता. फूलबाई 'थांबा' म्हणून दोन्ही हातांनी चहाचं पातेलं हवेत हलवत होती.

हे सगळं डाव्या बाजूला. जी.एम. साहेबांनी पाहिलं. पायरीवरून खेमलालनं पाहिलं, आणि खिडकीतून जी.एम. साहेबांकडं पाहिलं, कारण साहेब सीटवर असताना साहेबांच्या आधी बोलायचं कसं? मीसुद्धा पाहिलं. मीसुद्धा साहेबांच्या तेल लावलेल्या केसांकडं पाहिलं.

"फाटक?" रामटेके साहेबांनी विचारलं.

"जी," जी.एम. साहेब म्हणाले.

"फाटक? बंद का उघडं?"

"जी... वो... माननीय..." अडथळ्याला नाव तर द्यायला हवं होतं, पण मालकाच्या मोटारीला मालकासमोर अडथळा म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि ती तिथं पाठवली कुणी? साहेबांचे ओठ हलत होते, योग्य वाक्य जुळवत. "सर की जो..."

रामटेके साहेबांनी ब्रेक मारला.

त्यांना काहीच दिसलं नव्हतं. बोल आला नाही, एवढंच. गाडी कण्हली, माळा तुटल्या, मी जी.एम. साहेबांच्या केसांवर, आणि नऊशे सातचं नाक मोटारीपासून दोन हातांवर थांबलं. मोटारीचा ड्रायव्हर तोवर तलावापर्यंत पोचला होता.

सेठजी खाली उतरले. मोटारीकडं पाहिलं. "कैसे पता चला?" त्यांनी विचारलं.

"पता नहीं चला," रामटेके साहेब म्हणाले, "इसीलिए रोका."

साडेतीन किलोमीटरच्या त्या रेल्वेचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात होतं, आणि सेठजींना ते अजिबात कळलं नाही. जी.एम. साहेबांना मात्र लगेच कळलं, त्याचा काय उपयोग करायचा ते. "देखा सर? ये ख़ुद कह रहे हैं, पता नहीं चला. अंधा इंजन है. वो तो मैं था, मैं ज़ोर से चिल्लाया."

उजव्या खिडकीबाहेर, हॉर्नच्या आवाजात, सेठजींनी काय ऐकलं असणार?

दुपारी मांडवात सगळा कारखाना जमला. व्यासपीठावर लाल कापडाच्या तबकात नऊशे सातची लोखंडी नंबर-पाटी होती. इंजिनाच्या कपाळावरून ती सकाळच्या फेरीनंतर काढून आणली होती. सेठजी ती भट्टीला पहिली आहुती म्हणून देणार होते. रामटेके साहेब पहिल्या रांगेत, काळी पेटी मांडीवर घेऊन, ताठ बसले होते.

जी.एम. साहेबांनी माइक हातात घेतला. ते फार सुंदर बोलले. आज देवाच्या कृपेनं आणि वेळेवर दिलेल्या एका हाकेमुळं सेठजी आपल्यात आहेत. टाळ्या. हाक कुणी दिली, हे त्यांनी लाजत सांगितलं. पुन्हा टाळ्या. अशा धोकादायक इंजिनाला निरोप देण्यातच शहाणपण आहे. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "क्यों मैडम? आप तो पीछे ही थीं."

वाचकहो, इथं मी तुम्हाला एखादं बाणेदार वाक्य ऐकवायला हवं. मी म्हणाले, "जी सर."

रामटेके साहेबांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. ते स्वतःही काही बोलले नाहीत. कसे बोलणार? डाव्या बाजूचं त्यांना दिसलेलं नव्हतं, आणि न दिसलेलं ते कधी बोलत नसत.

सेठजींनी पाटी उचलली.

ती पाटी आज कुठं आहे ते आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला हसू आवरणार नाही. ती नऊशे सातच्या कपाळावर आहे. चारही स्क्रू रामटेके साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतः आवळले. डावी सीट खेमलालची आहे, तिथं आता कुणी साहेब बसत नाही. जी.एम. साहेबांकडं सध्या अतिथीगृह आणि बागकाम आहे. रामटेके साहेब पुढच्या उन्हाळ्यात गोंदियाला गेले, पेटीसकट. पण मला ते आठवतात ते त्या मांडवातले.

झालं असं. सेठजींच्या हातात पाटी, आणि जी.एम. साहेबांना वाटलं, आणखी एक साक्ष होऊन जाऊ दे. मागं खांबाला टेकून खेमलाल उभा होता. साहेब हसले. या माणसाच्या उत्तराची त्यांना पुरेपूर खात्री होती.

"क्यों खेमलाल? तू तो बाहर ही खड़ा था. सुना था ना, साहब ने क्या कहा?"

"हव," खेमलाल म्हणाला.

साहेबांनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, मागं न वळता, रोजच्याच चिडक्या सुरात आवाज आला: "हव नाही. काय दिसलं थे बोल."

खेमलालनं खांब सोडला. मान उंच केली. त्याला समोर मांडव दिसत नसावा, वळण दिसत असावं. कारण त्यानं जी आरोळी ठोकली ती मांडवातली नव्हतीच, लाइनीवरची होती:

"डेरी बाजू! पटरी म मोटर! साहब ह कुछु नइ बोलिस!"

आणि रामटेके साहेब पेटी खाली ठेवून उभे राहिले, उजवा हात वर केला, आणि नियमाप्रमाणे, शब्दन्‌शब्द, खणखणीत आवाजात परत म्हणाले:

"साहब ह कुछु नइ बोलिस!"